शंकाताईंना मी दिलेलं खोटं उत्तर

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती, त्यांचे यजमान, लेक आणि माझ्या सहकाऱ्यांनो,

चार शब्द कागदावर लिहून आणलेत.

आज निवृत्त होणाऱ्या आपल्या सत्कारमूर्तींना सगळं ऑफिस शंकाताई म्हणतं. आम्ही लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे त्यांचं काम. यजमान हसताहेत, म्हणजे घरीही तेच चालत असावं.

बारा वर्षांपूर्वी मी नोकरी सोडायच्या बेतात होतो. दिवसभर पडद्यावरचे चौकोन इकडून तिकडे सरकवायचे, यात माझी कसली वाढ? तेव्हा आम्ही रुग्णवाहिका पाठवणाऱ्या केंद्रासाठी सॉफ्टवेअर करत होतो. एकदा मला दिसलं, की दोन फोन एकाच क्षणी आले तर दोघांनाही एकच गाडी नेमली जाते. पुन्हा करून पाहिलं, तसं झालं नाही. मी गप्प बसलो. असं कितीदा होणार, नाही का?

सॉफ्टवेअर केंद्राला देण्याआधी शंकाताईंनी विचारलं, "तुला कुठे काही खटकलं?"

"नाही," मी म्हणालो.

केंद्रात वापर सुरू झाला, त्या आठवड्यात त्या म्हणाल्या, "चल, तिथे दिवसभर बसून येऊ."

तासाभरात एका आजोबांचा फोन आला. बायको स्वयंपाकघरात पडली होती, धाप लागली होती. पडद्यावर गाडी नेमल्याची हिरवी खूण उमटली. फोन घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "निघाली गाडी, आजोबा." शेजारच्या टेबलावरही त्याच क्षणी तीच खूण, तोच गाडी नंबर. बोललो तर खोटं उघडं पडणार. आणि नाही बोललो तर?

मी उठलो. "बाई, एकच गाडी दोघांना नेमली गेलीय. चूक माझी आहे. मला माहीत होती."

बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दुसरा फोन उचलून दुसऱ्या चालकाला पत्ता सांगितला. गाडी पोचायला अकरा मिनिटं लागली. तेवढा वेळ आजोबा सारखे विचारत होते, "आली का हो?" तो आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही.

आजी वाचल्या. सॉफ्टवेअर त्याच दुपारी बंद केलं. नोकरी गेली, असं मी धरूनच चाललो होतो. शंकाताई साहेबांना एवढंच म्हणाल्या, "चूक यानेच सांगितली. दुरुस्तही यालाच करू द्या." दुरुस्तीला सहा आठवडे लागले. त्या दिवसांत केव्हातरी माझा राजीनामा लिहायचा राहून गेला, तो राहिलाच.

उद्यापासून त्यांचं काम माझ्याकडे येतंय. खरं सांगतो, आठवडाभर हेच डोक्यात आहे. माझ्या नजरेतून काही सुटलं तर? कुणी माझ्यासारखंच 'नाही' म्हणून गेलं तर? काल जिन्यात त्यांना म्हटलं, "ताई, भीती वाटतेय."

त्या दोन पायऱ्या उतरल्या, थांबल्या. "वाटू दे. वाटायची थांबली, की मला फोन कर."

हा समारंभ घडवून आणणाऱ्या सर्वांचा मी ऋणी आहे. कुणाचा उल्लेख राहिला असेल तर तो माझा विसर आहे, अनादर नव्हे. तेवढं पोटात घाला. आणि ताई, तुमचा नंबर बदलू नका.