उतरता आकडा

(तपासणीची अरुंद खोली. बाबा पलंगावर, उजवा गुडघा उघडा. तिघांच्याही डोळ्यांवर गडद चष्मे.)

थेरपिस्ट: मग दुखणं दहापैकी तीन लिहू? मागच्या आठवड्यात चार होतं.

बाबा: तीनच. लेझर लागू पडतंय बघा. जिना एका दमात चढलो.

मुलगी: कठड्याला लोंबकळत.

बाबा: कठडा असतो कशासाठी?

थेरपिस्ट: काका, चष्मा राहू द्या. यंत्रातून खरं लेझर येतंय की नुसताच लाल उजेड, हे मलाही ठाऊक नाही. निम्म्यांना खरं, निम्म्यांना खोटं. चाचणी संपल्यावरच कळेल. म्हणून तर सगळी भिस्त तुमच्या आकड्यावर.

मुलगी: आणि आकडाच खोटा असला तर?

बाबा: तू बाहेर बस बरं.

मुलगी: आईच्या दुखण्याच्या गोळ्या, बाबा. ती गेली तेव्हा पट्टी भरलेली होती. मीच डब्यात ठेवली होती. आज सकाळी पाहिली, दोन उरल्यात.

थेरपिस्ट: काका, इथे यायच्या दिवशी घेता?

बाबा: निघताना एक. बाकीचे दिवस सोसतो.

थेरपिस्ट: गोळी घ्यायची नाही, हे वाचून तुम्ही सही केली होतीत.

बाबा: केली होती. पण डॉक्टर म्हणाले, गुडघ्यातली कूर्चा झिजलीय, याने उतार पडला नाही तर ऑपरेशन. म्हटलं, आकडा उतरता ठेवावा. तेवढं ऑपरेशनचं टेबल टळेल.

मुलगी: परवा न्हाणीघरात पाय दुमडला. तासभर फरशीवर बसून होतात. हे मला शेजारच्या वहिनींकडून कळावं?

बाबा: तू कामं टाकून धावत आली असतीस.

मुलगी: आलेच असते.

थेरपिस्ट: मला हे डॉक्टरांना सांगावं लागेल, काका. चाचणीतून नाव कमी करतील कदाचित. पण तुमच्या तीनवर विसंबून उद्या दुसऱ्या कुणाच्या गुडघ्यावर नुसताच उजेड पाडत बसतील, ते नको.

बाबा: सांगा. मुद्देमालासकट सापडलोय, आता काय बोलू.

थेरपिस्ट: गोळीशिवाय किती दुखतं?

बाबा: आठ. रात्री कधी नऊसुद्धा.

मुलगी: बाबा...

बाबा: तोंड असं करू नकोस. गुडघ्याने कुणी मरत नाही.

मुलगी: आई खुब्याच्या ऑपरेशनातच गेली. तेव्हाही आपण असंच म्हणालो होतो.

बाबा: म्हणूनच तर.

मुलगी: मलाही भीती वाटते. ऑपरेशनच्या फॉर्मवर पुन्हा सही करायची, याची. पण तुम्ही फरशीवर पडून राहाल आणि मला कळणारही नाही, याची जास्त वाटते.

थेरपिस्ट: आज लगेच काही ठरत नाही. आधी डॉक्टर गुडघा पाहतील.

मुलगी: आणि ठरलंच, तर मी दाराशी बसून राहीन. जागची हलणार नाही.

बाबा: तुझ्या आईला मी हेच सांगितलं होतं. आणि हललो नव्हतो गं.