बुजलेली पानं

शिकारीच्या परवान्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात रांग लागली होती. म्हातारा ऑरिन सगळ्यांत मागे उभा होता. त्याच्यापुढे ट्वायला तिच्या शेजारणीशी, मार्वाशी नवऱ्याबद्दल, लाइलबद्दल बोलत होती.

"लाइलच्या रायफलीचा दस्ता मी काळा केला."

"काळा म्हणजे?"

"ट्रकच्या हौद्यात मारतात ना, तो खरबरीत लेप. नळी सोडवून ठेवली, जुनं पॉलिश घासून काढलं आणि डब्यातून दोन हात फवारले."

"अगं, तो अक्रोडाचा दस्ता? ऑरिनने अख्खा हिवाळा कोरत बसून केलेला?"

"तोच."

ऑरिनने बाजूच्या फळीला हात टेकला.

"आणि त्यावरची ओकची पानं?"

"बुजली."

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का? लाइल काय म्हणाला?"

"अर्धांगाचा झटका आल्यापासून त्याच्या उजव्या हातात जोर नाही, मार्वा. गुळगुळीत लाकूड निसटतं. मागच्या आठवड्यात रायफल पायाशी पडली. भरलेली होती."

"आणि हे तू मला आज सांगतेस?"

"त्यानेच शपथ घातली होती. आता घट्ट धरता येते. काल जेवायला हाक मारली तरी खाली ठेवेना. पण ऑरिनला कुठल्या तोंडाने सांगू?"

मार्वाची नजर मागे गेली आणि तिचा चेहरा पडला. ट्वायलाही वळली.

"ऑरिन, तुम्ही कधीपासून इथे..."

"आता निसटत नाही ना?"

"नाही."

"मग शनिवारी त्याला माझ्या मचाणावर पाठव. माझं बुटकं आहे, चढायला सोपं."