ताईचे पेपर

आमच्या ताईचं सांगतो. मेंदूत आठवण कशी राहते, यावर ती बंगळूरला संशोधन करते. गावात मोबाइल नुकते आले होते, तवा एकदा ती सुटीला पुसेगावला आली. शेजारच्या सखाराममामांनी विचारलं, "काय पोरी, कसं चाललंय?"

"बरं चाललंय मामा. यंदा दोन पेपर झाले."

मामा हसले. "डॉक्टर झाली म्हनत होते, अन् अजून पेपरच देतीया व्हय?"

बाबांनी मान खाली घातली. मेंढरं राखून त्यांनी ताईला शिकवलं होतं. त्यांनाही इतकी वर्षं तसंच वाटत होतं, पण लेकीला विचारायचा धीर झाला न्हाई.

ताईनं पिशवीतून एक परदेशी मासिक काढलं अन् एका लेखाच्या शेवटच्या पानावर बोट ठेवलं.

"बाबा, मी पेपर देत न्हाई, लिहिते. मला जे सापडलं ते छापून येतं. हा लेख जर्मनीतल्या लोकांचा हाय. त्यांनी माझं वाचून पुढचं काम केलं, म्हनून हितं माझं नाव टाकलंय."

"म्हंजे तुझी कॉपी केली?"

"कॉपी करनारा नाव लपवतो, बाबा. यांनी छापलंय."

बाबांनी ते नाव बोटानं चाचपलं अन् मामांकडं वळले.

"ऐकलं का सखाराम? जर्मनीवाले माझ्या लेकीचं बघून लिवत्यात. अन् उघड सांगून!"