कर्ण्यावर घेतलेलं नाव

अहो, मी एवढं इंजिनिअरिंग शिकलो त्याचा उपयोग काय झाला, ते ऐका. बहात्तरच्या सुमारास देवळाली प्रवराकडच्या एका साखर कारखान्यात मी ऑफिसच्या फोनला आवारातले कर्णे जोडून दिले. पहिल्याच दिवशी ऑपरेटर शांताबाईंना राजूरहून फोन आला, सासरे शेवटच्या घटका मोजतायत. त्यांचा नवरा तिथेच बॉयलरवर कामाला होता.

मी म्हणालो, “बाई, कर्ण्यावरून बोलवा त्यांना.”

“नाव कसं घेऊ, साहेब? समदा कारखाना ऐकंल.”

मीच बोलवायला हवं होतं का, कोण जाणे. शेवटी डोळे मिटून त्या म्हणाल्या, “सखाराम भिकाजी, हापिसात या.”

बॉयलरच्या घरघरीत त्याला काहीच ऐकू गेलं नाही. बाहेरच्यांनी जाऊन चिडवलं, तेव्हा तो हसत हसत आला.

“माझं नाव घेतलंस व्हय गं?”

तोवर राजूरहून दुसरा फोन येऊन गेला होता.