हरून मिळालेला एक पॉइंट

मी मूळचा गुहागर तालुक्यातला, समुद्राला लागून आमचं गाव, बाप खलाशी होता आणि मी चौथीत शाळा सोडली, सोडली म्हणजे मास्तरांनीच बापाला बोलावून सांगितलं की याला होडीवर घाला, इथे नुसता खिडकीतून बघत बसतो. ते खरंच होतं. पण होडीवर मला उलट्या व्हायच्या. खलाशाच्या पोराला होडी लागते म्हणून अख्खी वाडी हसायची, म्हणून मी बागेत लागलो, कलमांना पाणी घालायला, आणि पाणी घालायचं काम मला जमलं, तेच आजपर्यंत करतोय. ओमानला आलो तेव्हा मिशी नीट फुटली नव्हती. इथे या सहम गावातच एका अर्बाबाच्या शेतावर होतो, अर्बाब म्हणजे मालक, खजूर आणि लिंबं होती त्याची, माणूस चांगला, पण मेला आणि पोरांनी शेत विकलं. मग कोणीतरी सांगितलं, गोऱ्यांच्या क्लबाला माळी पाहिजे, गेलो. तिथले मॅनेजर पिल्लेसाहेब, केरळचे, तेव्हा त्यांना केस होते. म्हणाले, कदम, गवत सांभाळायचं. मी म्हटलं, सांभाळतो, गुरं कुठे हायत? ते म्हणाले, शुक्रवारी येतील. आणि शुक्रवारी तीस जण आले आणि त्या माझ्या गवतावर असे तुटून पडले एकमेकांवर, की मला वाटलं भांडण लागलं, मी पाइप टाकून सोडवायला धावलो. अजून सांगतात ही गोष्ट क्लबात, आणि दर वेळी मला थोडा जास्त पळवतात.

ते रग्बी. तुमी मस्कतहून आलात, तुमाला माहीत असेल. चेंडू न सोललेल्या नारळासारखा, पुढे फेकायचा नाय, मागेच द्यायचा, आणि हातात घेऊन पलीकडच्या रेषेपाशी टेकवायचा, पाच पॉइंट. एवढंच मला बारा वर्षांत कळलं, बाकी शिट्टी का वाजते ते शिट्टी वाजवणाऱ्यालाच माहीत. आणि आमची टीम म्हणजे काय, वरच्या लीगमध्ये पगारी पोरं असतात, आमची ही सगळ्यात खालची लीग, शाळेतले मास्तर, बंदरावरचे वेल्डर, इंजिनीर, इंग्रज, फिजीकडचे दोघे, चार-पाच ओमानी पोरं. ऑक्टोबर ते एप्रिल खेळायचं, बॉर्डर ओलांडून दुबईपर्यंत जायचं, मार खाऊन यायचं आणि रविवारी लंगडत कामावर.

आमची ही, इंदू, मुलीचं लग्न झाल्यावर इकडे आली. क्लबाच्या मागे दोन खोल्या हायत तिथे. आता या खेळात एक रीत हाय, मॅच संपली की यजमानांनी पाहुण्या टीमला जेवू घालायचं, ज्यांनी तुमची हाडं मोडली त्यांनाच, शेजारी बसवून. आधी पाव आणि सॉसेज असायचं. हिने पहिल्यांदा बघितलं आणि म्हणाली, अवो, हे काय जेवण झालं, एवढे रेडे घाम गाळून आलेत आणि त्यांना पाव? दुसऱ्या मॅचला तिने कोंबडीचा रस्सा आणि घावणे केले. काय सांगू तुमाला, एकेक जण बारा बारा घावणे. मी नारळ खोवायचो, ती वाटायची. दुबईवाले आल्या आल्या विचारायचे, आंटी कुठे? मॅच नंतर, आधी आंटी. आणि मला वाचता येत नाय, तर खताच्या पिशव्या, औषधाचे डबे, सगळं तीच वाचून सांगायची. इंग्रजी सातवीपर्यंतचं, पण बोट ठेवून वाचायची आणि चुकायची नाय.

उन्हाळ्यात इथे मैदान बंद, तेव्हा आमी गावी जायचो. गेल्या साली गेलो आणि ती तिकडेच गेली. सकाळी अंगण झाडून आली, म्हणाली जरा पडते, आणि उठली नाय. बस. त्यावर मी जास्त बोलणार नाय. तेरावं झालं तसं दाराला कुलूप लावलं आणि निघालो. मुलगी म्हणाली, बाबा, आता कशाला जाता, वय झालं, घर हाय ना. घर हाय म्हणूनच निघालो. त्या घरात मी एकटा राहू शकत नाय. हे मी तिला बोललो नाय, तुमाला सांगतोय.

तर त्या मनाने मी इथे आलो आणि पहिल्याच मॅचला घाण केली. रेषा मारायचा रंग संपलेला, मागवायचं मीच विसरलो. गुरुवार संध्याकाळ, दुकान बंद. शेजारी बांधकाम चाललेलं, तिथल्या मिस्त्रीकडे पांढऱ्या पावडरची गोणी होती. आमच्याकडे कबड्डीच्या मैदानाला फक्की मारतात ना, मी लहानपणापासून मारलीय, मला वाटलं तीच. गोणीवर लिहिलेलं होतं, पण वाचणार कोण? पाण्यात कालवली, रेषा मारायच्या ढकलगाडीत भरली, रेषा अशा सरळ मारल्या की पिल्लेसाहेब म्हणाले, वा. तो चुना होता. बांधकामाचा चुना. अहो, पानाला चुना जास्त लागला तर तोंड पोळतं हे कोणालाही कळतं, आणि मी कोकणातला माणूस, मला नाय कळलं. वासावरून कळायला पाहिजे होतं. त्या दिवसांत मला जेवणाचा पण वास येत नव्हता.

वीस मिनिटं खेळले असतील. एकाचा गुडघा, एकाचं कोपर, सगळे रेषेवर घसरतात ना, लाल लाल व्हायला लागले, आणि मग सालिम तोंडावर पडला. सालिम म्हणजे आमचा ओमानी पोरगा, बंदरावर क्रेन चालवतो, टीममध्ये सगळ्यात बारका आणि सगळ्यात जास्त बडबड्या. डोळ्यात गेला चुना त्याच्या. मीच पाइप घेऊन धावलो, पाणी सोडलं डोळ्यावर, आणि तो ओरडत होता ते अजून माझ्या कानात हाय. मॅच बंद. आमची चूक, म्हणून लीगने ती मॅच पाहुण्यांना देऊन टाकली, आमाला एक पण पॉइंट नाय.

पिल्लेसाहेबांनी दुसऱ्या दिवशी बोलावलं. ते ओरडत नाहीत, तेच वाईट. म्हणाले, कदम, कमिटी चिडलीय. यंदा टीम शेवटच्या नंबरला आली तर लीगमधून नाव जाणार, नाव गेलं तर हे मैदान ठेवायचं कशाला, आणि मैदान नाय तर माळी कशाला? व्हिसा संपतो मे महिन्यात. टीम राहिली तर मी तुझ्यासाठी बोलेन, नायतर खलास. मी म्हटलं, बरोबर हाय. माझ्या एका गोणीमुळे पंधरा जण तळाला गेलेले, आणि त्यांच्या पाठीवर मी पण.

आठ दिवसांनी सालिम आला, डोळ्याला पट्टी. माझ्या खाटेवर बसला आणि हिंदीत म्हणाला, बाबा, ती गोणी कुठाय? मी दाखवली. तर एका डोळ्याने मोठ्याने वाचायला लागला, अरबीत एकदा, इंग्रजीत एकदा, मग हिंदीत समजावलं. म्हणाला, तू दोन डोळे असून वाचत नाहीस, मी एकाने वाचतो, आजपासून प्रत्येक डबा मला दाखवायचा. मी म्हटलं, माफ कर रे. तो म्हणाला, माफ नाय करणार, कोर्टात ये.

हे कोर्ट म्हणजे त्यांचा खेळ, मॅच झाली की क्लबाच्या हॉलमध्ये भरतं. डोक्यावर टॉवेल घेतलेला एक जज, कोणी मॅचमध्ये मूर्खपणा केला त्याला शिक्षा, बायकांचा फ्रॉक घालून जेव, उलटा शर्ट घालून घरी जा. मी नेहमी दारात उभा राहून बघायचो. त्या दिवशी मला मध्ये उभं केलं. जज आमचा कॅप्टन, ग्रेग, शाळेत गणित शिकवतो, अडतीसचा असेल, कान मोडलेला. म्हणाला, आरोपी बाबा कदम, न्यायाधीशांची मांडी भाजली, मला तीन दिवस उभ्याने शिकवायला लागलं. सगळे हसले. मग म्हणाला, शिक्षा, शेवटच्या मॅचला रस्सा आणि घावणे तू करायचे. आणि हसू थांबलं. मी म्हटलं, नाय करणार. ते तिच्या हातचं होतं, तुमी हॉटेलातून बिर्याणी आणा आणि गिळा. असंच बोललो. मराठीत बोललो, पण समजलं सगळ्यांना. आणि निघून गेलो.

बिर्याणीच येत होती मग. आणि मला दिसत होतं ना. पाहुणे प्लेट हातात घेऊन उभ्या उभ्या खायचे आणि गाडीत बसायचे. आधी सूर्य बुडेपर्यंत उठायचे नाहीत. हरलेले, जिंकलेले, एका चटईवर. आता कोणी कोणाचं नाव विचारत नव्हतं. आणि आमची पोरं हरतच होती. डिसेंबरात दोन हरले, जानेवारीत एक जिंकले. गवत मात्र मी मरू दिलं नाय. विहिरीचं पाणी इथे खारट, मी भांडून गोड्या पाण्याचा टँकर घ्यायचो, पहाटे पाणी, सकाळी कापणी, जिथे मातीवर पडतील तिथे मऊ पाहिजे. तेवढंच माझ्या हातात होतं.

मार्चात एकदा दुबईचा एक धिप्पाड माणूस बिर्याणीची प्लेट हातात घेऊन माझ्याकडे आला आणि विचारलं, आंटी? मी वर बोट केलं. तो काय बोलला कळलं नाय, पण प्लेट खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी माझा हात धरून उभा राहिला, बराच वेळ, एवढा मोठा माणूस. त्या दिवशी मी मुलीला व्हिडिओ कॉल केला. म्हटलं, आईचा रस्सा सांग. ती म्हणाली, आईने मोजून कधी सांगितलं का? ती म्हणायची, वास आला की थांबायचं. मी म्हटलं, मला वास येतोय आता, सांग तू. तीन रविवार केला. पहिला सालिमनेच फेकला, म्हणाला, बाबा, चुना बरा होता.

शेवटची मॅच आमच्याच मैदानावर, दुबईवाल्यांशीच, आणि ते पहिल्या नंबरवर. तळाला आमी आणि बॉर्डरपलीकडची आणखी एक टीम, दोघांचे पॉइंट सारखे, ती टीम आपल्या मॅचा संपवून बसलेली. ग्रेगने मला जमिनीवर काडीने रेघा ओढून समजावलं. जिंकायची गरज नाय. या खेळात सात पॉइंटाच्या आत हरलं, नाहीतर बरोबर सातने, तरी हरणाऱ्याला एक पॉइंट देतात, झुंज दिली म्हणून. तो एक मिळाला की आपण वाचलो. मी म्हटलं, हरल्याबद्दल पॉइंट? ग्रेग म्हणाला, इज्जतीने हरल्याबद्दल.

रस्सा चुलीवर ठेवून मी कडेला उभा राहिलो. शेवटची दोन मिनिटं, आमी बाराने मागे. एकदा टेकवला तर पाच कमी, उरले सात. रेषा दहा पावलांवर आणि आमच्या आठ जणांनी एकमेकांना मिठी मारली, चेंडू मध्ये कोणाच्या तरी पोटाशी, आणि ढकलायला लागले. दुबईवाले समोरून ढकलतायत. ते जागेवरून हलेनात. आणि काय झालं मला, मी ओरडलो. होडी वाळूवर ओढताना आमच्याकडे ओरडतात ना, हैस्सा! बापाचा आवाज. हैस्सा! एकाच वेळी जोर लावायला पाहिजे, हे वेगवेगळे ढकलत होते. सालिम, डोळा बरा होऊन परत खेळत होता, तो मागून तीच हाक द्यायला लागला, हैस्सा, मग फिजीवाले, मग सगळेच, आणि ती सोळा माणसांची होडी हलली बघा, इंच, मग पाऊल, मग एकदम कोसळली रेषेपलीकडे. सगळ्यात खाली ग्रेग, छातीशी चेंडू, गवताला टेकलेला. शिट्टी. टेकवल्यावर दोन जादा पॉइंटांसाठी एक किक मिळते, ती ग्रेगनेच मारली, लांब बाहेर गेली, काय फरक पडतो? सातने हरलो. हरलो आणि पोरं नाचायला लागली, आणि जिंकलेले दुबईवाले पण आमच्याबरोबर नाचले.

रस्सा खारट झाला. खोटं कशाला सांगू. घावणे तव्याला चिकटले, अर्धे तुकडेच होते. तो धिप्पाड माणूस तीनदा वाढून घेऊन गेला आणि पाणी पीत पीत खाल्लं. सूर्य बुडाला तरी गाडी सुरू झाली नाय त्यांची. पिल्लेसाहेब शेजारी येऊन बसले, घावण्याचा तुकडा मोडला, म्हणाले, मीठ कमी टाक पुढच्या सीझनला. एवढंच म्हणाले. व्हिसाचा कागद नंतर आला, दोन वर्षांचा.

आता मे चालू हाय, उन्हाने गवत पिवळं पडलंय, पडू दे, मुळं जिवंत हायत, मी बोट घालून बघतो रोज. पुढच्या आठवड्यात गावी चाललोय, दोन महिने. मुलगी म्हणाली, आमच्याकडे उतरा. मी म्हटलं, नाय, चावी हाय माझ्याकडे, घर उघडतो, झाडतो, राहतो. रडायला येईल ते येईल. परतीचं तिकीट हातात असलं ना, की बंद घरात शिरायला माणूस तेवढा घाबरत नाय. हे मला या वयात कळलं.

बास झालं. तुमचं भलं होवो, त्या पोरांचं भलं होवो, आणि ती आमच्याऐवजी लीगमधून गेलेली टीम हाय ना, तिचं पण होवो, येतील परत. आता उठा तुमी खुर्चीवरून, पाइप तिच्याखाली अडकलाय, मला पाणी सोडायचंय.