खिरापत ओळखा, न्हायतर शाळा सोडा

माझं नाव हौसाबाई. नावातच हौस, त्यामुळं पुढं जे काय झालं त्यात माझ्यापेक्षा आमच्या आजीचा दोष जास्त, कारण नाव तिनं ठेवलं. जन्म कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतला. आबांच्या म्हशी होत्या, संध्याकाळी त्या कट्ट्यावर न्यायच्या, गिऱ्हाईकासमोर धार काढायची आणि फेसाळता पेला त्याच्या हातात द्यायचा, असा आमचा धंदा. मला दोन थोरले भाऊ, दोघंबी फुटबॉलच्या मागं, त्यांनी शाळंला लवकरच रामराम ठोकला. म्हणून आबा म्हणायचे, हौसा तरी शिकू दे, घरात एकाला तरी पेपर वाचून दाखवता आला पायजे.

तुम्ही शाळंच्या स्मरणिकेसाठी लिहून घ्यायला आलाय, तर एक आधीच सांगून ठेवतो. मी ह्या शाळंची मॅट्रिक झालेली न्हाय. नववी झालो आणि सोडली. तुम्हाला पायजेत डॉक्टरीण झालेल्या, परदेशात गेलेल्या बायका, आणि आलाय कुणाकडं, तर माझ्याकडं. आता आलाय तर बसा. आणि मी आलो-गेलो म्हणतोय ते तसंच लिवा, आलेगेले करू नका. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे हेडमास्तरीण, मूळच्या पुण्याकडच्या, त्यांना ते लई खटकायचं. हौसा, गेलो काय, गेले म्हण, तू मुलगी आहेस की पैलवान? मी म्हणायचो, बाई, पेठेत दोन्ही सारखंच की वो. बाई तोंड फिरवून हसायच्या. समोर कधी हसायच्या न्हाईत.

शाळा म्हणजे मूळची घोड्यांची पागा. संस्थानाच्या वेळची. घोडी गेली, पागा रिकामी पडली, मग तिथं मुलींचे वर्ग भरले, हे बाई दर वर्षी पहिल्या दिवशी प्रार्थना झाली की सगळ्यांना उभं करून सांगायच्या. भिंतीत घोडी बांधायच्या लोखंडी कड्या तशाच होत्या, आम्ही त्यांना दप्तरं अडकवायचो. पेठेतली टवाळ पोरं आमच्या वाटेवर उभी राहून घोड्यासारखी खिंकाळायची, बाकीच्या पोरी मान खाली घालून जायच्या, आणि मी उलटी खिंकाळायचो. एकदा बाई माझ्या मागनंच येत होत्या. तवापासनं मी त्यांच्या ध्यानात राहिलो, अभ्यासानं न्हवं, खिंकाळण्यानं.

आता शाळंचा हादगा सांगतो, कारण माझं सगळं त्याच्यातच अडकलंय. हस्त नक्षत्र लागलं की आपल्याकडं भिंतीवर हत्तीचं चित्र लावायचं, त्याला माळा घालायच्या, संध्याकाळी पोरींनी फेर धरून गाणी म्हणायची आणि शेवटाला खिरापत. खिरापत झाकलेली पायजे. आत काय हाय ते दुसऱ्यांनी ओळखायचं, मगच झाकण निघणार. तर शाळा नवी होती तवा ह्या दिवसांत पोरी शाळंत यायच्याच न्हाईत म्हणे. आज हिच्याकडं हादगा, उद्या तिच्याकडं, आणि पोरगी एकदा अशी घरात राहिली की कामाची सवय लागती सगळ्यांना, परत शाळंला कोण धाडतंय? कुणाची तर तिथल्या तिथं सोयरीकच ठरायची. मग ज्या पहिल्या बाई होत्या त्या म्हटल्या, पोरी हादग्यापायी घरी राहतात काय, मग हादगाच शाळंत आणू. आणला. आणि पोरींनी शेवटच्या दिवसापर्यंत टिकावं म्हणून शेवटच्या दिवशी एक गंमत ठेवली. त्या दिवशीची खिरापत करायची मॅट्रिकच्या, म्हणजे तवाच्या अकरावीच्या पोरींनी आणि ओळखायची शिक्षकांनी. ओळखली, तर गप वर्गात चला. न्हाय ओळखली, तर तिथल्या तिथं शाळा सुटली. काय सांगू तुम्हाला, सगळी शाळा पटांगणात टाळ्या पिटत ओरडायची, खिरापत ओळखा, न्हायतर शाळा सोडा!

पण आमच्या मोठ्या बाई हरतील तर शपथ. आधी विचारायच्या, तिखट का गोड? मग डबा कानाशी नेऊन हलवायच्या. लाडू गडगडतो, शेव खुळखुळती, वडी आपटती, सगळं त्या कानानं ओळखायच्या, राहिलंच तर फटीला नाक लावायच्या. कुणी फणसाच्या आठळ्या आणल्या, कुणी दुधीभोपळ्याची सालं तळून आणली, बाईंनी सांगितलं आणि चष्मा वर करून म्हटलं, चला वर्गात. मी आठवीत होतो तवापासनं माझ्या डोक्यात एकच किडा. मॅट्रिकला गेलो की बाईंना हरवायचं. हे मी बाईंनाबी तोंडावर सांगून ठेवलंतं. पोरी डॉक्टर व्हायचं ठरवतात, मास्तरीण व्हायचं ठरवतात, मी मॅट्रिकला जायचं कशाला ठरवलं, तर डबा घेऊन पटांगणात उभं राहायला! हसू नका, तेवढंबी पुरलं असतं की वो. त्या डब्यापायी मॅट्रिक तर झालो असतो.

आणि डोकं कसलं चालवलंतं बगा. म्हैस व्याली की पहिल्या दुधाचा, चिकाचा खरवस करतात, हे सगळ्यांना ठावं. गोड, गूळ-वेलदोडा घातलेला. मी ठरवलं, खरवस करायचा तिखट. मीठ, लसूण, हिरवी मिरची वाटून चिकात घालायची आणि डब्यातच लावायचा, काठोकाठ. हलवला तरी हलणार काय? आवाजच न्हाय. वर केळीचं पान दाबून बसवलं की वासबी न्हाय. आणि आमच्या म्हशी घरच्या, चीक घरचा. हे मी एकटीला सांगितलं, कुसुमला. कुसुम माझ्या बाकावरची, सरळमार्गी, वह्यांना कव्हरं घालणारी. ती म्हटली, हौसा, पण हादग्याच्या वेळीच म्हैस व्याली पायजे. मी म्हटलं, ते आबा बघतील.

आणि मग नववीच्या उन्हाळ्यात वारणानगरचं स्थळ आलं. मुलगा साखर कारखान्यात फिटर, राहायला कॉलनीत क्वार्टर, नळ घरात, लाईट घरात. बघायला आला तो खांद्याला ट्रान्झिस्टर अडकवून. चहा येईस्तोवर बातम्या लावून बसला. झालं की. आमचं पात्र, म्हणजे मीच, त्या ट्रान्झिस्टरवर भाळलं. मला काय वाटलंतं, लगीन म्हणजे दिवसभर गाणी ऐकत बसायचं आणि शेणात हात घालायचा न्हाय. अशी पोरगी आज माझ्यासमोर आली तर कान धरून उभी करीन.

सगळ्या बायका सांगतात, बापानं शाळा सोडवली, आजीनं हट्ट धरला. माझं उलटं. आबा म्हणत होते, थांबू. आणि बातमी कळली तशा मोठ्या बाई स्वतः घरी आल्या. गोठ्याशेजारच्या सोप्यात घोंगडं टाकून बसवलं, आबांनी धारोष्ण दुधाचा पेला दिला, त्यांनी तो प्याला आणि ओठावर दुधाची ही अशी पांढरी मिशी. मी दाराआड उभी राहून तोंडात पदर कोंबत होतो. बाई मिशीसकट आबांना सांगत होत्या, मुलगी चलाख आहे, दोन वर्षं द्या, मॅट्रिक होऊ द्या, मग करा लग्न. आबा म्हटले, माझी ना न्हाय बाई, तिलाच विचारा. तवा बाईंनी मला पुढं बोलावलं. हौसा, तुझं तू सांग. मी म्हटलं, मला लगीन करायचंय. त्या म्हटल्या, शाळा का नको? मी म्हटलं, गणित येत न्हाय. बाई म्हटल्या, मलाही येत नव्हतं. मग त्या म्हटल्या, आणि हादगा? हादगा सोडून जाशील? मी म्हटलं, तिकडंबी असंल की हादगा. आता तुम्ही सांगा, एवढी हेडमास्तरीण बाई दारात येऊन दोन वर्षं मागत होती, माझ्यासाठीच मागत होती, आणि मी ट्रान्झिस्टर मागितला. बाई उठल्या, पदरानं ओठ पुसला आणि आबांना म्हटल्या, दूध छान होतं.

वारणानगरला हादगा होता की. पण सुनंनं फेरात जायचं नसतंय, सुनंनं खिरापत करून द्यायची असती. तीबी कुणी ओळखायच्या आत सासूबाई सांगून टाकायच्या, शिरा केलाय, साखर कमी पडलीय. ट्रान्झिस्टर सासऱ्यांच्या खाटंवर. सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की मालकांचा डबा, दुपारी धुणं. शेण न्हवतं तेवढं खरं.

लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीला माहेरी आलो तर कुसुम धावत आली. तिनं काय केलंतं म्हणून सांगू, आमच्या आबांकडनं चीक नेलता! म्हैस बरोबर हादग्यातच व्याली, शहाणी माझ्यापेक्षा. हिनं तिखट खरवस डब्यात लावला, मी सांगितला तसा, आणि मॅट्रिकच्या पोरी डबा घेऊन उभ्या राहिल्या. बाईंनी विचारलं, पोरी म्हटल्या तिखट. हलवला, आवाज न्हाय. नाक लावलं, वास न्हाय. परत हलवला. मग बाई डबा तसाच हातात धरून म्हटल्या, काय आहे ते मला सांगता येत नाही, पण हे डोकं हौसाचं आहे. हरले मी, सोडा शाळा. कुसुम सांगताना उड्या मारत होती आणि मी माझ्या तान्ह्याला मांडीवर थोपटत होतो. तिला वाटलं, मी खूश हुईन. झालो की. खूश होऊन आत गेलो आणि गोठ्यात म्हशीच्या पाठीवर डोकं टेकून लई वेळ उभी राहिलो.

पुढं कॉलनीत अंगणवाडी निघाली. सेविका व्हायला मॅट्रिक पायजे होती, म्हणून मी मदतनीस झालो. खिचडी शिजवली, पोरांची नाकं पुसली, गाणी म्हटली, निवृत्त होईस्तोवर मदतनीसच. वाईट न्हवतं. पोरं मलाच बाई म्हणायची, सेविका बाईंना राग यायचा, मी म्हणायचो, अगं ती लहान हायत, त्यांना शासनाचा नियम कुठं ठावं?

मालक गेल्याला आता बरीच वर्षं झाली. माणूस देवासारखा. म्हातारपणी एकदा व्हरांड्यात बसलोतो, ते दाढी करत होते, मी सहज म्हटलं, मी दोन वर्षं थांबा म्हटलं असतं तर तुम्ही काय केलं असतं वो? ते आरशातच बघत म्हटले, थांबलो असतो की. एवढंच. आणि परत दाढी करायला लागले. तो माणूस थांबला असता! मला विचारायचंबी सुचलं न्हवतं. ते ऐकल्यापासनं मला एकेकदा जेवण जात न्हाय बगा.

आता ल्योकाकडं असतो, इथंच कोल्हापुरात. गेल्या हादग्याला कुसुमचा फोन आला. ती शिक्षिका होऊन निवृत्त झालीय, आवाजातबी खडू हाय. म्हटली, आपल्या वर्गाच्या सगळ्या शाळंत जमणार हाय, तू येतीस. मी म्हटलं, मी कशाला, मी मॅट्रिकची न्हाय. ती म्हटली, गप बस आणि लुगडं बदल. गेलो. मोठ्या बाई तर कवाच गेल्या, फोटोला हार हाय. शाळंत आता पोरं-पोरी एकत्र, तरी कितीतरी वर्गांना कुलूप, पट उतरलाय. हत्ती फ्लेक्सवर छापलेला, गाणी स्पीकरवर. कड्यांना रंग दिलाय. खिरापत म्हणजे राजगिऱ्याच्या लाडवाची पाकिटं वाटायची, ओळखायचं काय त्यात, वर नावच छापलेलं.

पण कुसुमनं आत्ताच्या मॅडमच्या मागं लागून एकदा जुन्यासारखं करायला लावलं. दहावीच्या पोरींनी घरनं खिरापत करून आणली. ओळखायला कोण, तर शिक्षकांना तास होते, म्हणून मॅडम म्हटल्या, आजीबाईंनो, तुम्हीच ओळखा. आणि आमच्या भवान्यांनी मलाच पुढं ढकललं, हौसा, जा, तुझं डोकं चालतंय. मी म्हटलं, अगं मला त्या बाजूला उभं राहायचं होतं की गं. डब्याच्या बाजूला. मी तिकडं कधी उभीच राहिलो न्हाय, आणि एकदम इकडं आलो. कुणाला कळलं न्हाय मी काय म्हणतोय ते, सगळ्या हसल्या.

पोरींनी डबा हातात दिला. विचारलं, गोड म्हटल्या. कानाशी नेला, मऊ आपटलं. नाकाशी नेला आणि मला कळलं, रताळ्याचे घारगे. अंगणवाडीत कितीदा केलेत. समोर पोरींच्या डोळ्यात जीव गोळा झालेला, एकीनं तर दुसरीचा हात इतका दाबलाय की ती कळवळतीय. मी पुन्हा हलवला. जरा विचार केल्यासारखं केलं. मग मोठ्यानं म्हटलं, काकडीची वडी!

काय ओरडल्या म्हणून सांगू. मॅडमना शाळा सोडावी लागली. दप्तरं घेऊन सगळी पोरं फाटकाकडं सुटली, मुलगे तर कशासाठी सुटलो हे न विचारताच. पोरींतली एक तेवढ्यात मागं फिरली, धापा टाकत माझ्यापाशी आली आणि हळूच म्हटली, आजी, खरंच न्हाय ओळखलं? मी म्हटलं, न्हाय गं बाई, हरलो मी तुमच्यापुढं. तिला ते एवढं गोड लागलं की नमस्कारबी अर्धाच केला आणि निघाली. मी तिला हाक मारून थांबवलं. म्हटलं, पळ बाई, खुशाल पळ. पण उद्या शाळंला ये.