डोमा मिस्त्रीच्या खुब्याची तराई

...तर नाहीच ऐकलं त्यानं! आणि दोष कुणाला द्यायचा, डॉक्टरला? छे! तुम्हाला सांगतो, बारा वर्षं चूक कुणाची ते शोधतोय मी, दरवेळी सापडतो तो डोमाच, आमच्या चामोर्शीचा डोमा मिस्त्री, ज्यानं शाळा बांधली, गोदाम बांधलं, माझा संडाससुद्धा बांधला, आणि सगळ्यांना एकच मंत्र दिला, "सिमेंट हाय बाबूजी, तराई लागते!" म्हणजे सकाळ-संध्याकाळ पाणी मारा, खांबाला ओलं पोतं गुंडाळा, नाहीतर तडकलाच म्हणून समजा.

चौऱ्याण्णव साली हा परांचीवरून पडला. खुब्याचं हाड मेलं. उकिडवं बसता येईना, आणि उकिडवं न बसणाऱ्या मिस्त्रीच्या हातात थापी कोण देतो? नेला नागपूरला. मीच नेला, रिटायर माणसाला दुसरं काम काय! डॉक्टर म्हणाले, "दोन पद्धती आहेत. एकीत धातूचा सांधा सिमेंटनं बसवतो, दहा-पंधरा मिनिटांत घट्ट. दुसरीत सिमेंटच नाही, खरखरीत सांधा ठोकून बसवतो, हाड वाढून हळूहळू त्याला धरतं. पंधरा-वीस वर्षांनी कोणता टिकतो, ते आम्ही रजिस्टर ठेवून बघतोय."

डोमाचा चेहरा पाहायला हवा होता! "बिनसिमेंटचा खांब? मले येडा समजता का साहेब? सिमेंटच टाका. रेती किती टाकता?"

"रेती नसते हो त्यात!"

"नुसतं सिमेंट? मंग तं तराई डबल लागन!"

डॉक्टर हसले. मीही हसलो. तुम्हाला सांगतो, ते हसणं मला अजून... असो.

घरी आला, टाके निघाले नाहीत तोच खुब्यावर ओलं पोतं! बायको भागीरथा ओरडतेय, "आवं, डॉक्टरनं कोरडं ठेवाले सांगतलं ना!" तर हा म्हणतो, "तो हाडाचा डॉक्टर. सिमेंटचा मिस्त्री मी हावो!" तलावाचं पाणी, गोणपाट, एकवीस दिवस, अगदी नेमानं. तराई लागते ना! बाविसाव्या दिवशी ताप, पू, पुन्हा नागपूर. सांधा काढला. नवा बसवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पाय तीन बोटं आखूड, काठी जन्माची, थापी कायमची खुंटीला. काढलेला सांधा यानं मागून आणला, भागीरथाबाईनं तो मिठाच्या बरणीशेजारी फळीवर ठेवला.

आणि तुम्हाला वाटेल, हा पायासाठी रडला? कशाचं! डॉक्टरांनी रजिस्टरात 'सिमेंट, निकामी' लिहिलं म्हणून रडला! "साहेब, सिमेंटले बदनाम नका करू. चुकी माही हाय. एक दिवस पोतं सुकलं होतं!"

पुढं दरवर्षी दवाखान्याचं छापील कार्ड, 'आपला सांधा कसा आहे?' उत्तर लिहायचं मी. "लिवा बाबूजी, सांधा नाई, डोमा हाय." लिहिलं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच कार्ड, पुन्हा तेच उत्तर... कुणीतरी वाचत असेल असं मला वाटायचं, मला! जन्मभर कारकुनी केलेल्या माणसाला!

यंदा वैशाखात डोमा गेला. पंधरा दिवसांत कार्ड हजर. भागीरथाबाईनं फळीकडे बघितलं. सांधा लखलखत होता, ना गंज, ना तडा.

"लिवा भाऊ," ती म्हणाली, "जे हाय ते."

लिहिलं. 'डोमा नाही. सांधा उत्तम आहे.'